शीतल जलाचें गांव

आमच्या भाच्यानें बारा वर्षांपूर्वीं आफ्रिकेंत जाऊन बस्तान बसविलें, तेव्हांपासून "मामा, एकदां तरी या" हें त्याचें वाक्य दर दिवाळीस आम्हांस दूरध्वनीवरून ऐकूं येत असे, आणि "पुढल्या सुटींत नक्की" हें आमचें उत्तर त्यास. अशा उत्तरांतील नक्कीपणा वाचकांच्या परिचयाचा आहेच. परंतु २०२४ सालीं प्रकरण निराळ्या थरास गेलें. भाच्यानें नैरोबी शहरांत एक लहानसें घर जमिनीसकट घेण्याचें ठरविलें होतें, विसाराची रक्कमहि देऊन टाकिली होती, आणि ही बातमी कानीं पडतांच आमची भगिनी आमच्याकडे येऊन म्हणाली, "दादा, तूं जाऊन कागद पाहून ये. परक्या मुलखांतली जमीन, पोराचें सगळें आयुष्य त्यांत जायचें." आम्हीं तिला सांगून पाहिलें कीं, आम्ही तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहोंत, जमिनीच्या कागदांशीं आमची ओळख सात-बाराच्या उताऱ्यापलीकडे नाहीं. पण ज्याला शेक्सपिअर समजतो त्याला खरेदीखत समजलेंच पाहिजे, अशी तिची दृढ श्रद्धा! निरुपाय होऊन मे महिन्याच्या सुटींत आम्हीं विमान गांठलें.

नैरोबी हें नांव मासाई लोकांच्या भाषेंतील असून त्याचा मूळ अर्थ ‘शीतल जल’ असा आहे. समुद्रसपाटीपासून साडेपांच हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेल्या या गांवास तें नांव शोभतेंहि. परंतु आम्ही पोंचलों तेव्हां तें शीतल जल जरा अतीच झालें होतें. मार्चपासून लागलेल्या पावसानें त्या वर्षीं केनिया देशांत कहर केला होता. दोनशेंहून अधिक माणसें पुरांत दगावलीं होतीं, आणि नैरोबींतील माथारे नदीनें आपल्या तीरावरच्या पत्र्याच्या खोल्या धुऊन नेल्या होत्या. सरकारनें फर्मान काढलें होतें कीं, नदीकांठापासून तीस मीटरांच्या आंत राहणाऱ्यांनीं तत्काळ निघून जावें. आणि जे निघाले नाहींत त्यांच्या घरांवर यंत्रें चालविण्यास प्रारंभहि झाला होता.

भाच्याच्या घरीं स्वयंपाकपाण्यास मदत करणारी एक बाई येत असे. तिचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं; त्या देशाच्या चालीप्रमाणें सर्वजण तिला तिच्या थोरल्या मुलाच्या नांवानें, ‘अमक्याची आई’ अशा अर्थानें, हांक मारीत. स्वाहिली भाषेंत आईला ‘मामा’ म्हणतात. त्यामुळें पहिल्याच सकाळीं भाच्यानें "मामा, चहा घेतां ना?" असें आम्हांस विचारतांच ती बाई चमकून पाहूं लागली, आणि हा मिशाळ गृहस्थ या घरची आई कसा, याचा उलगडा झाल्यावर पोट धरून हंसली. हंसणें ओसरल्यावर तिनें शांतपणें सांगितलें कीं, उद्यांपासून दोन दिवस ती येणार नाहीं. माथारेंतील तिच्या खोलीच्या दारावर आदल्या दिवशीं तांबडी फुली काढून गेले होते.

आम्ही मास्तर लोक. कोणतीहि गोष्ट दिसली कीं तिचा पूर्वेतिहास पाहिल्याविना आम्हांस चैन पडत नाहीं. पुढचे दोन दिवस आम्हीं भाच्याच्या खरेदीचे कागद एका हातीं व त्या शहराचा इतिहास दुसऱ्या हातीं घेऊन काढले, आणि जे दिसलें तें थोडक्यांत सांगतों.

मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनीं १८९६ ते १९०१ या काळांत जी आगगाडी नेली, तिचे रूळ १८९९ च्या मे महिन्याच्या अखेरीस या पाणथळ माळावर येऊन पोंचले. पुढें मोठा चढ लागतो, तेव्हां येथें सामानाचें कोठार करावें व गाड्या थांबवाव्या, एवढाच विचार. येथें पुढें लाखों माणसांचें शहर नांदेल, असें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. ते रूळ घालण्यास हिंदुस्थानांतून करारानें सुमारें बत्तीस हजार मजूर नेले होते. त्यांपैकीं अडीच हजारांच्या आसपास तेथेंच मृत्यु पावले, व सहा-सात हजार कायमचे राहिले. म्हणजे जी जागा अभियंत्याला गाड्यांसाठीं सोयीची वाटली, तीच माणसांना राहण्यासाठीं पत्करावी लागली. सपाट, दलदलीची, पाण्याचा निचरा न होणारी ती जागा. १९०२ सालीं तेथील हिंदी बाजारांत प्लेग आला, तेव्हां अधिकाऱ्यांनीं बाजारच जाळून टाकिला. पुण्याच्या वाचकांस प्लेगच्या सांथींतील सरकारी उपायांची ओळख नव्यानें करून देण्याची गरज नाहीं.

पुढें १९१३ सालीं सिंप्सन नांवाच्या आरोग्यतज्ज्ञास पाहणीसाठीं पाचारण करण्यांत आलें. हे गृहस्थ पूर्वीं कलकत्त्याचे आरोग्याधिकारी होते. त्यांनीं शिफारस केली कीं, युरोपियन, आशियाई व आफ्रिकन यांच्या वस्त्या एकमेकींपासून अलग ठेवाव्या. आरोग्याच्या नांवाखालीं रंगाची वांटणी झाली ती अशी कीं, पश्चिमेकडील उंच, झाडीचा, निचऱ्याचा भाग गोऱ्यांकडे. कांहीं मोहल्ले हिंदी लोकांकडे. आणि पूर्वेकडील सखल भाग ज्यांचा देश त्यांच्याकडे. आफ्रिकन मनुष्य शहरांत कामापुरता येतो व काम संपलें कीं गांवीं जातो, असें राज्यकर्त्यांचें गृहीत होतें. अशा पाहुण्यास निजण्यापुरती जागा पुरे. कुटुंबास जागा नको, मग जमिनीची तर गोष्टच सोडा. १९२० च्या सुमारास त्याला ‘किपांडे’ नांवाचा परवाना धातूच्या डबींत घालून गळ्यांत वागवावा लागे. १९४८ सालीं या शहराचा एक बृहत् आराखडाहि निघाला. त्याच्या नांवांतच तो वसाहतीच्या राजधानीचा आहे असें प्रांजळपणें म्हटलें होतें. १९६३ सालीं देश स्वतंत्र झाला, येण्याजाण्याचे निर्बंध गेले, आणि माणसें बायकामुलांसह शहरांत आलीं. तीं कामासाठीं आलीं, आणि शहराला त्यांचें काम हवेंहि होतें. फक्त त्यांनीं राहावें कोठें, हा प्रश्न नकाशावर कोणींच घातला नव्हता. २०१९ च्या जनगणनेंत नैरोबीची लोकसंख्या ४३,९७,०७३ भरली.

या सर्व इतिहासांत आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लाविलें तें किबेरानें. शहराच्या नैर्ऋत्येस असलेली ही झोपडवस्ती जगप्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या सैन्यांत नोकरी केलेल्या सुदानी, म्हणजे न्यूबियन, शिपायांना या जंगलांत राहूं देण्यांत आलें; १९१८ सालीं ४,१९७ एकरांची हद्दहि जाहीर झाली; पण मालकीचा कागद कांहीं मिळाला नाहीं. शिपायी गेले, त्यांचे मुलगे गेले, नातू म्हातारे झाले. आणि २०१७ सालीं त्या समाजाच्या हातीं सामूहिक मालकीचा दाखला पडला, तो २८८ एकरांचा. दरम्यान बाकीच्या जमिनीवर शहर येऊन बसलें होतें. या वस्तींत दहा लाख माणसें राहतात असें वर्षानुवर्षें छापलें जात होतें. २००९ च्या जनगणनेंत तीं १,७०,०७० निघालीं. या आंकड्यावर वाद पुष्कळ झाले. आम्हांस त्यांतून एवढेंच दिसलें कीं, ज्यांच्या पायांखालच्या जमिनीचा दप्तरांत पत्ता नसतो, त्या माणसांची मोजदादहि अंदाजानेंच होते. आणि अंदाजानें मोजलेल्या माणसांना पाणीहि अंदाजानेंच मिळतें.

भाच्याचे कागद पाहतांना एक आश्चर्य घडलें. जुन्या एका दस्तऐवजांत १८८२ च्या हिंदी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा उल्लेख आढळला. आम्हीं चष्मा पुसून पुन्हां वाचलें. आपला तोच कायदा! इंग्रजांनीं आगगाडीबरोबर हिंदुस्थानचे कायदेहि बोटींत घालून नेले होते, आणि हा कायदा केनियांत थेट २०१२ पर्यंत चालू होता. २०१० च्या नव्या राज्यघटनेनें जमिनीचे सार्वजनिक, सामुदायिक व खासगी असे तीन वर्ग ठरविले, सार्वजनिक जमिनीच्या कारभारासाठीं स्वतंत्र आयोग नेमिला, आणि परदेशी नागरिकास नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याहून अधिक हक्क मिळूं नये असें बंधन घातलें. २०२१ सालीं तर ‘आर्धीसासा’ नांवाची संगणकावरची दप्तरव्यवस्थाहि सुरू झाली. भाचा म्हणाला, "मामा, आतां सगळें घरबसल्या दिसतें. काळजी करूं नका."

आम्ही काळजी करीत नव्हतों. त्या बाईचा विचार करीत होतों. तिसऱ्या दिवशीं ती आली नाहीं, तेव्हां भाच्यास घेऊन आम्ही माथारेंत गेलों. उतारावर उतारानें बसलेलीं पत्र्याचीं घरें, मधून पायवाटेएवढी गटाराची वाट, आणि तळाशीं गढूळ, फुगलेली नदी. तिची खोली दहा फूट लांब व दहा फूट रुंद. अकरा वर्षें तिनें तिचें भाडें भरलें होतें, पण मालकाचें तोंड दोनदांच पाहिलें होतें. तो दुसऱ्या भागांत राहतो. जमीन सरकारची, खोली बांधणाऱ्याजवळ कोणा गांवकामगार अधिकाऱ्याची तोंडी परवानगी, आणि राहणारीजवळ कांहींच नाहीं. नळ नाहीं, कारण वस्तीला मान्यता नाहीं. पाणी वीस लिटरांच्या डब्यानें विकत घ्यावें लागतें, व हिशेब केला तर त्याचा दर पश्चिमेकडील बंगल्यांच्या नळाच्या पाण्याहून कितीतरी जड पडतो. गरिबी ही इतकी खर्चाची गोष्ट आहे, हें अर्थशास्त्राचीं पुस्तकें वाचून आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

ती खाटेचे तुकडे दोरीनें बांधीत होती. आम्हांस पाहून तिनें ‘म्झे’ म्हणून, म्हणजे वडीलधाऱ्यास करावयाचा तो नमस्कार केला, आणि बसावयास एक डबा पालथा घातला. फीत घेऊन माणसें आलीं होतीं, असें ती म्हणाली. तिची खोली सव्वीस मीटरांवर भरली. वरच्या अंगाच्या शेजारणीची एकतीसवर. शेजारणीची राहिली. तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. पाणी आंत आलें होतें हें ती स्वतःच सांगत होती. "येथें राहूं नये हें मलाहि कळतें," ती म्हणाली, "पण मग कोठें राहावें, हें फीत घेऊन आलेल्यांनीं सांगितलें नाहीं."

आमच्या तोंडून शब्द निघेना, आणि त्याचें कारण तिला सांगण्यासारखें नव्हतें. १२ जुलै १९६१ या दिवशीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां आमचे वडील नारायण पेठेंत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. आमचा जन्म पुढचा; ही हकीकत आम्हीं त्यांच्या तोंडून शंभर वेळां ऐकिली आहे. भांडीं गेलीं, पुस्तकें गेलीं, आणि भाड्याच्या पावत्याहि गेल्या. पूरग्रस्तांची यादी करावयास कारकून आला, त्याला दाखविण्यास एकहि कागद नव्हता. तेव्हां समोरच्या वाड्यांतील एका वृद्ध गृहस्थानें पुढें होऊन, "हे येथेंच राहत होते, मी ओळखतों," एवढें सांगितलें. आणि त्या शब्दावर वडिलांचें नांव यादींत चढलें. पुढें शहराच्या कडेला पूरग्रस्तांसाठीं उभारलेल्या वसाहतींत त्यांस घर मिळालें. त्याच घरांत आमचा जन्म झाला. आमचें शिक्षण, आमचे ग्रंथ, हा प्राध्यापकपणाचा डौल, सारें त्या घराच्या पायावर उभें आहे. पूर माणसाला उठवितो, हें खरें. पण उठलेल्याला बसावयास जागा देणारें कोणी असलें तर एका पिढीचें नशीब पालटतें, याचा आम्ही स्वतःच जिवंत पुरावा. आणि त्या पालथ्या डब्यावर बसून आम्ही तिला काय सांगणार होतों?

दुसऱ्या दिवशीं भाच्यानें आम्हांस घ्यावयाचें घर दाखविलें. पश्चिमेकडील रम्य उपनगर. दारांत जॅकॅरँडाचा वृक्ष. मागें उतरत गेलेलें हिरवळीचें अंगण, आणि अंगणाच्या शेवटीं कुंपणाची भिंत. खोटें कशाला बोला, त्या ओसरीवर खुर्ची टाकून वाचीत बसल्याचें चित्र आमच्या मनानें तत्क्षणीं रंगविलें. इतक्यांत भिंतीपलीकडून पाण्याचा खळाळ ऐकूं आला. आम्हीं मागचें दार उघडवून घेतलें, पाण्याच्या कडेपासून भिंतीपर्यंत पावलें मोजलीं. सतरा भरलीं. तीस मीटर म्हणजे चाळीस पावलें. नंतर आम्ही घराकडे वळून मोजीत गेलों, तों चाळीसावें पाऊल दिवाणखान्यांत पडलें.

तें पडल्यावर मात्र आम्हीं कागद पुन्हां, या वेळीं शिक्षकाच्या नजरेनें, वाचले. नवा नकाशा स्वच्छ होता. त्यांत जमीन पाण्यापर्यंत जात होती. परंतु जुन्या मोजणीच्या नकाशांत ओढ्याच्या बाजूनें एक पट्टा बिननंबरी, कोणाच्याच नांवावर नसलेला, सोडलेला दिसत होता. दोहोंच्या मधें १९९० नंतरच्या दशकांतील एक वांटपपत्र होतें. त्या काळीं केनियांत सार्वजनिक जमिनी, म्हणजे क्रीडांगणें, रस्त्यांच्या कडा, वनें, नदीकांठ, राजकीय मर्जीची बक्षिसी म्हणून वांटल्या गेल्या. ज्याला पत्र मिळालें तो तें विकून मोकळा होई, आणि विकत घेणारा प्रामाणिकपणें पैसे मोजी. या प्रकारांची चौकशी करण्यास २००३ सालीं सरकारनें आयोग नेमिला. त्याच्या अध्यक्षांच्या नांवावरून तो एनडुंगू आयोग म्हणून ओळखला जातो, व त्याचा अहवाल २००४ सालचा आहे. सर्वांनींच हें मुकाट्यानें सोसलें असें नव्हे. वंगारी माथाई या विदुषीनें १९८९ सालीं उहुरू उद्यानांत उठूं घातलेल्या साठ मजली इमारतीस एकाकी विरोध केला, पुढें करुरा वनाच्या रक्षणार्थ मार खाल्ला, आणि २००४ सालीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या उद्यानांत आम्ही आदल्या संध्याकाळीं फिरलों, तें आज उद्यान आहे तें त्यांच्यामुळें.

रात्रीं आम्हीं भाच्यापुढें हें सर्व मांडलें. तो म्हणाला, "मामा, इथल्या कायद्यांत नदीची हद्द एकच नाहीं. एका नियमांत सहा मीटर, दुसऱ्यांत तीस. वकिलानें पाहिलें आहे. आज कागद कायदेशीर आहे." आम्ही म्हणालों, "माथारेंत कोणत्या नियमानें मोजलें?" तो गप्प बसला. मग आम्हीं २०१८ च्या ऑगस्टची गोष्ट काढली. त्या महिन्यांत वेस्टलँड्स भागांतील एक मोठें दुकानसंकुल नदीच्या हद्दींत आहे म्हणून सरकारनें पाडलें होतें. तीं कांहीं पत्र्याचीं घरें नव्हतीं. इतकीं वर्षें तें दिमाखानें उभें होतें. ज्या शहरांत कधीं पाडतात, कधीं पाहत नाहींत, तेथें कागद हा आसरा नव्हे. तो फक्त दैवाची मुदत वाढवितो.

तेव्हां भाच्याचा संयम सुटला. बारा वर्षांची शिल्लक, विसारांत अडकलेली रक्कम, बायकोनें निवडून ठेवलेले पडदे, सर्वच त्यांत होतें. "तुम्ही परवां आलांत, परवां जाल. मला इथें राहायचें आहे. आणि मामा, तुमचें पुण्यांतलें घर नदीपासून किती पावलांवर आहे?"

आम्ही निरुत्तर झालों. वसाहतीचें घर लहान पडूं लागलें म्हणून पंधरा वर्षांपूर्वीं आम्हीं मुठेच्या बाजूस सदनिका घेतली. बांधणाऱ्याच्या माहितीपत्रकांत ‘नदीचें दर्शन’ हें मोठ्या अक्षरांत होतें, व आम्हीं त्याबद्दल चार पैसे अधिकच मोजले होते. पुण्याच्या नदीस निळी पूररेषा आहे, तांबडी पूररेषा आहे, हें आम्ही वर्तमानपत्रांत वाचीत आलों. पण आपली गच्ची त्या रेषांच्या कोणत्या बाजूस येते, हें पाहण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. धरणाच्या पुरानें ज्याच्या बापाचें घर नेलें, त्याला!

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. पडल्यापडल्या आम्ही त्या खंडांतील इतर शहरांचा विचार करीत होतों. नैरोबीचें दुखणें एकट्या नैरोबीचें नाहीं. फक्त प्रत्येक ठिकाणीं गांठ निराळ्या जागीं बसली आहे. शेजारच्या युगांडांत १९०० च्या करारानें बुगांडाच्या राजास व सरदारांस चौरस मैलांच्या हिशेबानें जमीन वांटली. मैलावरून त्या हक्कास ‘मायलो’ हेंच नांव पडलें. कंपाला शहराच्या मोठ्या भागांत आज जमिनीचा मालक एक व तीवर पिढीजाद बसलेलें कूळ दुसरें, आणि दोघांचेहि हक्क कायद्यास मान्य. तेव्हां एक रस्ता रुंद करावयाचा तर दोघांची समजूत घालावी लागते. नायजेरियांत १९७८ च्या कायद्यानें प्रांतांतील जमीन राज्यपालाच्या स्वाधीन झाली. तेथील लागोस शहरांत १९९० च्या जुलै महिन्यांत मारोको नांवाची वस्ती उठविली, तेव्हां सुमारें तीन लक्ष माणसें बेघर झालीं, आणि त्या जागीं पुढें श्रीमंतांचीं घरें उठलीं. उलट रवांडानें २००९ पासून चार-पांच वर्षांत देशांतील एक कोटीहून अधिक जमिनींच्या तुकड्यांची नोंद केली. तीहि महागडीं यंत्रें घेऊन नव्हे, तर आकाशांतून घेतलेल्या छायाचित्रांवर शेजारीपाजारी उभे करून, ‘ही हद्द याची’ असें त्यांच्या तोंडून वदवून. समोरच्या वाड्यांतील त्या वृद्ध गृहस्थाची आम्हांस पुन्हां आठवण झाली. शेजाऱ्याच्या शब्दाला सरकारी दप्तरांत जागा असली, तर बिनकागदी माणसाचाहि कागद होऊं शकतो.

नैरोबींतहि हें अगदींच घडत नाहीं असें नाहीं, आणि त्यांत आपल्या मुंबईचा थोडा हात आहे. १९८५ सालीं मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांची जी शिरगणती झाली, त्या वाटेनें पुढें झोपडवस्तींतील लोकांनीं आपली गणना आपणच करावी ही रीत पडली. जोकिन अर्पुथम व त्यांच्याबरोबरच्या महिला मंडळांनीं ती परदेशींहि नेली. रुळांलगतच्या वस्त्या उठविण्याचा प्रसंग आला, तेव्हां केनियाच्या आगगाडीचे अधिकारी मुंबईस येऊन येथें रुळांकडेच्या लोकांना पर्यायी घरें कशीं दिलीं तें पाहून गेले. २०१७ सालीं नैरोबीच्या मुकुरू वस्तीस विशेष नियोजनक्षेत्र म्हणून जाहीर करण्यांत आलें. तेथें नकाशा काढण्यापूर्वीं गल्लीगल्लींतून बैठका भरल्या, व राहणाऱ्यांनींच घरें मोजलीं. एकेकाळीं येथून मजूर व कायदे गेले. त्यांच्यामागून ही एक बरी वस्तु गेली, याचें समाधान वाटलें.

सकाळीं भाचा स्वतःच म्हणाला कीं, विकणाऱ्याकडून जलखात्याचा हद्दीचा दाखला मागून पाहतों. दाखला आला नाहीं. ‘पुढल्या आठवड्यांत’ असें उत्तर आलें. आम्ही परत निघेपर्यंत तो आठवडा उजाडला नव्हता. विमानतळावर भाच्यानें वांकून नमस्कार केला, पण बोलला थोडेंच. भगिनीला काय सांगावें, याचाच विचार आम्ही सबंध प्रवासांत केला.

घरीं येऊन पहिल्याच संध्याकाळीं आम्हीं नदीच्या कडेपासून आपल्या दारापर्यंत पावलें मोजलीं. शेजाऱ्यांना वाटलें, वैद्यानें चालावयास सांगितलें असावें. मग पालिकेचा नकाशा मिळविला. आमची इमारत निळ्या व तांबड्या रेषांच्या मधें उभी आहे; म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें सशर्त निर्दोष. त्या अटी काय होत्या, त्या पाळल्या गेल्या किंवा कसें, हें इमारतींतील कोणासहि सांगतां येईना. २५ जुलै २०२४ रोजीं धरणाचें पाणी सुटलें, सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत तें घरांत शिरलें, आणि आमच्या तळमजल्यावर गुडघाभर येऊन गाड्यांस लागलें. आम्ही तिसऱ्या मजल्यावरून नदीचें दर्शन घेत होतों. नदीपलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. ती दुपारपर्यंत दिसेनाशी झाली. तेथील एक बाई आमच्या इमारतींत कामास येत असे. तिची खोली नदीपासून किती पावलांवर आहे, हें आम्हीं सात वर्षांत कधीं विचारलें नव्हतें.

ऑगस्टांत भाच्याचा दूरध्वनि आला. दाखला अखेरपर्यंत आला नाहीं, व्यवहार मोडला, विसाराची निम्मी रक्कम बुडाली. "निम्मी वांचली असें म्हणायचें," तो म्हणाला; आवाजांत पूर्वीचा राग नव्हता, पण आनंदहि नव्हता. माथारेंतील त्या बाईला उतारावर वरच्या अंगास खोली मिळाली होती; भाडें दीडपट, आणि कामावर यावयास पाऊण तास अधिक चालणें. त्यानें तिचा पगार वाढविला होता. पुण्याच्या पुराची हकीकत त्यानें तिला सांगितली, तेव्हां ती घाबरून गेली म्हणे. मिशाळ मामांच्या घरांत पाणी शिरलें का, आणि आतां ते कोठें राहतात, हें तिनें मुद्दाम विचारावयास सांगितलें होतें.

आम्हीं उत्तर पाठविलें कीं, आम्ही वरच्या मजल्यावर राहतों. आमच्या घरांत पाणी आलें नाहीं.